बेल वाजली आणि कुणी उठलं नाही: एका मालिकेतल्या लपवलेल्या ओळखीचं प्रकरण

हे प्रकरण एका दैनंदिन मालिकेचं आहे. मी तिची पटकथा लिहीत होते. मालिका, वाहिनी आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं आणि काही तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

पार्श्वभूमी

आठवड्याला सहा भाग, प्रत्येक भाग साधारण बावीस मिनिटांचा. कथा एका ओळीत सांगायची तर अशी: आजारी, एकाकी अप्पांची शुश्रूषा करायला रेवती नावाची मुलगी घरात येते. ती खरी रेवती नाही. ती नंदा आहे. पहिली बायको गेल्यावर अप्पांनी चार वर्षांच्या ज्या मुलीला अनाथाश्रमाच्या फाटकाशी सोडलं, तीच ही. ऐनवेळी माघार घेतलेल्या मैत्रिणीचं नाव आणि प्रमाणपत्रं घेऊन ती बापाच्या घरात शिरली आहे.

पहिला निर्णय कागदावरच झाला होता. ही ओळख प्रेक्षकांपासून लपवायची नाही, पहिल्या भागाच्या शेवटीच त्यांना सांगून टाकायची. त्यामागे नीट विचार होता. टीव्हीवरची गुपितं ढोबळमानाने दोन जातींची असतात. एक प्रेक्षकांपासून लपवलेलं. ‘डॅलस’ या अमेरिकन मालिकेत जे. आर. या मुख्य पात्रावर गोळी झाडली गेली तो भाग २१ मार्च १९८० ला लागला आणि गोळी कुणी झाडली ते २१ नोव्हेंबरला कळलं. उत्तर बाहेर फुटू नये म्हणून वेगवेगळ्या पात्रांनी गोळी झाडल्याची दृश्यं चित्रित करून ठेवली होती. युनिटमधल्या लोकांनाही खरं कोणतं ते ठाऊक नव्हतं. अशा गुपिताची सगळी ताकद उत्तरात असते. दुसऱ्या जातीचं गुपित प्रेक्षकांना माहीत असतं आणि पात्रांना नसतं. तिथे प्रेक्षक कोडं सोडवत बसत नाही. तो त्या माणसासाठी जीव मुठीत धरून बसतो. आम्हाला हे दुसरं हवं होतं.

या दुसऱ्या जातीला एक अट असते: सत्य बाहेर आलं तर काय गमवावं लागेल, हे सतत डोळ्यांसमोर असलं पाहिजे. पांडवांचा अज्ञातवास हे त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. तेराव्या वर्षी कुणी ओळखलं तर पुन्हा बारा वर्षं वनवास. म्हणून द्रौपदी सैरंध्री होऊन विराटाच्या घरी राबते, कीचकाचा जाच सोसते, तेव्हा ‘ही सांगून का टाकत नाही’ असं ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही.

नंदाकडेही तसं कारण होतं. तिला बापाच्या तोंडून एकच गोष्ट ऐकायची होती: मला का सोडलंत? आणि ती तिला परकी म्हणून ऐकायची होती. मुलगी म्हणून समोर उभी राहिली तर माफी मिळेल, रडणं मिळेल, पण खरं उत्तर मिळणार नाही अशी तिला भीती होती. हे कारण मला आजही आवडतं. ते तिच्या आतून आलेलं होतं, बाहेरून चिकटवलेलं नव्हतं.

अडचण कुठे सुरू झाली

भाग ५८ मध्ये अप्पा बोलतात. एका रात्री झोप लागत नाही म्हणून ते ‘रेवती’ला सगळं सांगतात: संध्याकाळची वेळ, लोखंडी फाटक, मुलीच्या अंगातला लाल स्वेटर, मागे वळून न बघता चालत सुटणं. तो भाग लिहिताना आमच्या खोलीत कुणी बोलत नव्हतं. प्रेक्षकांनाही तो भिडला, प्रेक्षकसंख्येचे आकडे वर गेले. ठरल्याप्रमाणे भाग ७२ मध्ये नंदा आपली ओळख सांगणार होती.

आकडे वर गेले म्हणूनच वाहिनीकडून निरोप आला की ओळख इतक्यात उघड करू नका, दोन-तीन महिने तरी ताणा. त्यांच्या बाजूने यात चूक नव्हती. लोक ज्या गोष्टीसाठी रोज टीव्ही लावत आहेत ती संपवायची घाई कोण करील? ओळख उघड झाली की मालिकेतला ताण जातो, ही भीतीही खोटी नाही. ‘ट्विन पीक्स’ या अमेरिकन मालिकेत वाहिनीच्या दबावाखाली लॉरा पामरचा खुनी नोव्हेंबर १९९० मध्येच उघड करावा लागला आणि पुढच्या जूनमध्ये मालिका बंद झाली. आमच्या बैठकीत हे उदाहरण दोनदा निघालं. आम्ही मान डोलावली आणि बाहेर आलो.

इथे आमची चूक झाली, आणि ती वाहिनीची नव्हती, लेखकांची होती. भाग ५८ मध्ये नंदाला तिचं उत्तर मिळालं होतं. म्हणजे गप्प राहण्याचं तिचं कारण त्याच रात्री संपलं होतं. पुढचे चौदा भाग ‘आता सांगायचं कसं’ या घालमेलीवर निभले असते. त्यापुढे निभत नव्हतं. ‘ताणायला हरकत नाही, पण आता तिला नवं कारण लागेल’ हे वाहिनीला सांगायला हवं होतं. आम्ही मात्र कारण शोधण्याऐवजी अडथळे शोधले.

मी नंतर मोजले. भाग ७२ ते ११७ या काळात नंदा नऊ वेळा ‘अप्पा, मला तुम्हाला काही सांगायचंय’ म्हणते आणि नऊही वेळा काहीतरी मध्ये येतं. चारदा दारावरची बेल, तीनदा फोन, एकदा अप्पांना चक्कर, एकदा वीज जाते. प्रत्येक वेळी तो भागाचा हुक, म्हणजे प्रेक्षकाला पुढच्या भागासाठी अडकवणारा क्षण होता, प्रत्येक वेळी प्रोमोत तेच वाक्य होतं. पहिल्या दोन वेळा चाललं. पाचव्या वेळी लोक लिहायला लागले की ही मुलगी खोटारडी आहे, हिला सांगायचंच नाहीये. ते आम्हाला सगळ्यात जास्त लागलं, कारण ज्या मुलीला आम्ही जपून घडवलं होतं तिच्यावर आमच्या सोयीचा डाग पडत होता.

सेटवर हे आमच्या आधी कळलं होतं. नंदाची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीने भाग १०४ च्या शूटला दिग्दर्शकांना विचारलं, “दादा, मी आज का सांगत नाहीये?” दादा म्हणाले, “बेल वाजते म्हणून.” ती म्हणाली, “बेल वाजायच्या आधी दहा सेकंद मी नुसती उभी आहे. तेव्हा का सांगत नाहीये?” शॉट तसाच झाला. तो प्रश्न आमच्यापर्यंत संध्याकाळी पोचला आणि त्या रात्री आम्ही त्याला ‘सेटवरची कुरकुर’ समजलो. मला त्याची खंत आहे. गेल्या दोन महिन्यांत मालिकेबद्दल कुणी विचारलेला तो सगळ्यात नेमका प्रश्न होता.

समोर असलेले पर्याय

भाग ११८ प्रसारित होत होता, १२२ पर्यंत शूट झालं होतं, म्हणजे बँकेत, शूट होऊन प्रसारणासाठी हाताशी, चार भाग. आकडे सलग काही आठवडे घसरले होते. आता वाहिनीलाच बदल हवा होता. एका दुपारी बसलो.

सरळ कबुलीचा पर्याय सगळ्यात आधी बाजूला पडला. नंदाने पुढच्या भागात सांगून टाकायचं. पण नऊ वेळा अडल्यावर दहाव्या वेळी न अडणं यात नाट्य कुठलं? ‘मग इतके दिवस का नाही’ हा प्रश्न उलट मोठा झाला असता.

लीप घेऊन काही वर्षं पुढे जाण्यावर फार वेळ घालवला नाही. तो प्रश्नापासून पळ होता.

वाहिनीची पसंती सुनेच्या ट्रॅकला होती: सुनेला ओळख कळते आणि ती नंदाला धमकावून नाचवते. याने गप्प राहण्याचं बाहेरचं कारण मिळतं हे खरं. पण धमकीची ताकद धमकी देणाऱ्यापेक्षा, ती ज्याला सांगायची त्याच्यात असते. ‘मॅड मेन’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या पर्वात, २००७ मध्ये, नायक डॉन ड्रेपर हा खरा डॉन ड्रेपर नाही, त्याने युद्धात मेलेल्या अधिकाऱ्याचं नाव घेतलंय, हे कनिष्ठ सहकारी पीटला कळतं. तो ते थेट मालकाकडे नेतो. मालक ऐकून घेतो आणि म्हणतो, कोणाला पर्वा आहे? क्षणात धमकीतली हवा जाते आणि डॉन मोकळा न होता उलट जास्त अडकतो. आमच्याकडे प्रश्न असा की सुनेने अप्पांना सांगितलं तर अप्पा काय करतील? भाग ५८ नंतर कुठल्याही प्रेक्षकाला ठाऊक होतं की अप्पा मुलीला कवटाळतील. मग नंदाने सुनेला का घाबरावं?

हा मुद्दा मांडता मांडता अडचणीचं मूळ सापडलं. भाग ५८ नंतर सत्य सांगण्यात कोणताच धोका उरला नव्हता. आम्ही धोका नसलेलं गुपित राखत बसलो होतो.

चौथा पर्याय आमच्यापैकी कुणाला सुचला नाही. कंटिन्यूटी, म्हणजे एका दृश्यातले तपशील दुसऱ्याशी जुळतात ना, ते बघणारी मुलगी कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, “ताई, एक विचारू? अप्पा हल्ली तिला नावाने हाक का मारत नाहीत?”

आम्हाला अर्थच लागेना. तिने वही काढली. भाग ५८ पर्यंत अप्पा ‘रेवती’ म्हणत होते. त्यानंतर हळूहळू ‘बाळ’, ‘अगं’, ‘ऐक’. साधारण सत्तरीनंतर एकदाही नाव नाही. संवादांत नाव होतं, पण ते पडद्यावर उच्चारलं गेलं नव्हतं. आम्ही अप्पांची भूमिका करणाऱ्या ज्येष्ठ अभिनेत्यांना फोन केला. ते म्हणाले, “मला ते नाव तोंडात येईना. जिच्यापाशी मन मोकळं केलं तिला दुरून नावाने काय हाक मारायची? चुकलं का माझं?”

खोलीत दोन-चार क्षण कुणी काही बोललं नाही. मग संवादलेखक म्हणाला, “त्यांना माहीत आहे.”

अप्पांना माहीत आहे आणि तेही लपवत आहेत. एकदा हे मानलं की धोका परत येतो, आणि तो अप्पांच्या बाजूने येतो. ती उत्तरासाठी आली होती, उत्तर मिळालं. आता मी ‘तू माझी मुलगी’ म्हटलं तर ती निघून जाईल, ही त्यांची भीती. जाणणाराच गप्प बसतो, ही कल्पना आपल्याला परकी नाही. युद्धाआधी कृष्ण कर्णाला सांगतो की तू कुंतीचा मुलगा, आणि हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस अशी विनंती कर्णच करतो. पांडवांना ते कर्ण गेल्यावर कळतं. त्या गुपिताचं वजन न कळण्यापेक्षा कळूनही न बोलण्यात जास्त आहे.

केलेली कृती

कल्पना आवडली म्हणून ती वापरता येत नाही. प्रेक्षकांनी ११८ भाग पाहिले होते. अप्पांना कळल्याचा क्षण त्या भागांतच असायला हवा होता आणि त्यानंतरच्या एकाही दृश्याने त्याला खोटं पाडायला नको होतं.

दोन रात्री आम्ही अप्पांचं प्रत्येक दृश्य पाहिलं. मी एक तक्ता आखला: पात्र, काय माहीत, कोणत्या भागापासून, आणि इतरांना काय वाटतं. तीन दृश्यं आडवी आली. भाग ८१ मध्ये अप्पा मुलाला म्हणतात की रेवतीऐवजी दुसरी बाई बघ. हे उलगडता येत होतं, मुलीने आपली सेवा करत राहावं हे त्यांना सोसत नव्हतं. भाग ९७ मध्ये ते तिला आईवडिलांबद्दल विचारतात. तेही बसत होतं, बोलायला दिलेली ती वाट होती. भाग ६४ मात्र बसत नव्हता. तिथे अप्पा खोलीत एकटे आहेत, जुना फोटो हातात घेऊन म्हणतात, “कुठे असशील गं?” एकटा माणूस कुणासाठी नाटक करील? एकांतातल्या दृश्यात पात्राने खोटं वागणं ही प्रेक्षकांची सरळ फसवणूक असते. संवादलेखक म्हणाला की दोन महिन्यांपूर्वीचं एवढं कोण लक्षात ठेवतं. मी अडून बसले. कळण्याचा क्षण ६४ च्या पुढेच हवा होता.

तो भाग ६६ मध्ये सापडला, आणि तो आमच्याच चुकीतून आला होता. त्या दृश्यात नंदा अप्पांच्या हाताला पट्टी बांधतेय. आधीच्या एका भांडणाच्या रागात ती बोलून जाते, “पावसात कुणाला फाटकाशी उभं करून जाऊ नये, अप्पा.” अप्पांनी तिला फाटक सांगितलं होतं. पाऊस नव्हता सांगितला. भाग ५८ च्या पहिल्या खर्ड्यात पाऊस होता, पण फ्लॅशबॅकसाठी पाऊस पाडणं खर्चिक म्हणून निर्मितीने तो काढायला लावला. संवादलेखकाच्या डोक्यात पहिलाच खर्डा राहिला होता. म्हणजे त्या दिवशी पाऊस होता हे दोघांनाच माहीत असू शकत होतं, बापाला आणि फाटकाशी उभ्या असलेल्या मुलीला.

शिवाय त्या वाक्यावर कॅमेरा नंदावर होता. अप्पांची फक्त पाठ आणि पट्टीचा हात दिसत होता. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा काय झालं हे कुणीच पाहिलं नव्हतं.

ओळख पटवण्यासाठी वस्तू वापरायचा मोह याआधी झाला होता. लाल स्वेटर पेटीत सापडणं वगैरे. अभिज्ञान म्हणजे ओळखीची खूण, आणि शकुंतलेची अंगठी आपल्या मनात इतकी खोल रुतलीय की लिहिणाऱ्याचा हात आपोआप अंगठीकडे जातो. पण तिथे अंगठी शापामुळे आवश्यक आहे, केवळ सोय म्हणून नाही. ॲरिस्टॉटलनेही बाह्य खुणांवरून ओळख पटणं सगळ्यात कमी कलात्मक आणि घटनांच्या ओघातून पटणं सर्वोत्तम मानलं आहे. रागाच्या भरात निसटलेला ‘पाऊस’ हा शब्द आमच्याकडे ओघातून आला होता.

भाग ६६ च्या दृश्याची उलट बाजू आम्ही नव्याने शूट केली. तोच सेट, तेच कपडे. कंटिन्यूटीच्या फोटोत पट्टी डाव्या तळव्यावर होती आणि गाठ अंगठ्याच्या बाजूला. तशीच बांधली. अप्पांची भूमिका करणाऱ्या काकांना दिग्दर्शकांनी एवढंच सांगितलं की ‘पाऊस’ ऐकल्यावर खिडकीकडे बघा, तिच्याकडे नको. त्यांनी खिडकीकडे पाहिलं आणि पट्टीतल्या हाताची बोटं नकळत मिटली. तो शॉट चार सेकंदांचा आहे.

भाग १२६ असा झाला. नंदा दहाव्यांदा म्हणते, “अप्पा, मला तुम्हाला काही सांगायचंय.” बेल वाजते. दोघंही जागचे हलत नाहीत. बेल पुन्हा वाजते, थांबते. मग अप्पा विचारतात, “त्या दिवशी पाऊस होता, हे तुला कोणी सांगितलं?” त्यानंतर जवळजवळ अकरा मिनिटं त्या खोलीत दोघांशिवाय कुणी येत नाही. पार्श्वसंगीत अगदी शेवटी. एवढं लांब दृश्य वाहिनीला पटवायला एक पूर्ण दिवस गेला. तोडगा म्हणून मधला ब्रेक दृश्याच्या आधी घेतला.

परिणाम

त्या आठवड्यात आकडे चढले. पुढे काही आठवडे टिकले आणि मग एका ठरावीक पातळीवर स्थिरावले. मालिका वाचली असं म्हणता येईल, पण भाग ५८ च्या दिवसांची पकड परत आली नाही. ज्यांनी सातव्या-आठव्या अडथळ्याला टीव्ही बंद केला होता त्यातले बरेच परतले नाहीत.

पुष्कळ लोकांनी भाग ६६ पुन्हा पाहिला आणि ‘पाऊस’ खरंच तिथे आहे हे एकमेकांना दाखवलं. त्यांनी तपासलं आणि ते खरं निघालं, याचं समाधान मला कुठल्याही आकड्यापेक्षा मोठं वाटतं. अप्पांनी नाव टाळल्याचंही काहींनी भागवार काढून दाखवलं.

एका आक्षेपाची तयारी आम्ही केली नव्हती: माहीत असून साठ भाग पोरीला तळमळत ठेवणारा हा कसला बाप? आक्षेप रास्त होता. अप्पांची भीती आम्हाला कळली होती, प्रेक्षकांनी ती पाहिली नव्हती. म्हणून १२७ ते १३० हे भाग घाईने बदलून लिहिले. त्यात नंदा चिडते, घर सोडते आणि त्यांना हेच विचारते. १२६ मधल्या मिठीनंतर लगेच हे भांडण आलं म्हणून वाहिनी नाराज होती. माझ्या मते त्या भांडणानेच नातं खरं झालं. दुसऱ्यांदा सोडून जाणारी आता ती होती.

एक धागा मात्र लोंबकळत राहिला. खऱ्या रेवतीचं नाव आणि प्रमाणपत्रं वापरली, त्याचं काय? दुसऱ्याची ओळख घेतली की ज्याची घेतली तोही कथेतला माणूस असतो. आम्ही ते दोन वाक्यांत उरकलं आणि ते उघडं दिसलं.

पुन्हा करायचं झालं तर

तक्ता पहिल्या दिवशी आखीन. कुणाला काय माहीत याबरोबरच आणखी एक रकाना ठेवीन: आज हा गप्प का आहे? तो रकाना ज्या भागात रिकामा राहील तिथे एकतर सत्य बाहेर यायला हवं किंवा नवं कारण जन्माला यायला हवं. आम्ही आखला असता तर तो ५९ व्या ओळीवरच रिकामा दिसला असता.

वाहिनीला ‘ताणता येणार नाही’ असं न सांगता ‘ताणायचं असेल तर ५८ मधली कबुली मागे न्यायला हवी होती, आता ती गेली, तेव्हा दुसरा धोका आणायला आठवडा द्या’ असं सांगीन. त्यांना मुदत हवी होती, आम्ही ती बेल वाजवून दिली.

सेटवरून येणारा प्रश्न त्याच दिवशी लेखकांच्या टेबलावर यायला हवा. नंतरच्या मालिकेत मी दर पंधरवड्याला प्रमुख कलाकारांबरोबर अर्धा तास बसायला लागले.

एका मुद्द्यावर संवादलेखकाचं आणि माझं अजून जमत नाही. मला वाटतं, भाग ६६ ते १२६ च्या मधे कुठेतरी प्रेक्षकांना अप्पांची भीती दाखवायला हवी होती. एखाद्या रात्री ते तिच्या खोलीच्या दाराशी येतात, तिची बॅग अजून कोपऱ्यातच आहे ना ते बघतात आणि परत फिरतात, एवढंही पुरलं असतं. तो म्हणतो की ते दाखवलं असतं तर ‘पाऊस’ फुकट गेला असता. आणि तेव्हा आम्हालाच ठाऊक नव्हतं की अप्पांना माहीत आहे, त्यामुळे दाखवणार तरी काय, असंही तो विचारतो. याला माझ्याकडे उत्तर नाही. तरीही ते दाराशी आलेले अप्पा मला दिसतात, अंधारात, पट्टीचा हात चौकटीवर ठेवून बॅग शोधताना.